डिंकाच्या पाण्याची सात पानं

पौषात पपईचा चीक उतरायला वेळ घेतो. पावसाळ्यात कच्च्या फळाला चीर दिली की तो धावतच सुटतो. पौषात मात्र चिरेच्या तोंडाशी आधी एक पांढरा मणी उभा राहतो, जरा थांबतो आणि मग फळाच्या अंगावरून खाली सरकू लागतो. ऊन चढायच्या आत हे काम उरकावं लागतं. चार उभ्या चिरा द्यायच्या, नखाच्या जाडीपेक्षा खोल नाही. लोखंड लावायचं नाही, चीक काळा पडतो. म्हणून बांबूच्या काडीला काचेचा तुकडा बांधायचा, खाली ॲल्युमिनियमची परात धरायची आणि मान वर करून उभं राहायचं.

यंदा मी हे फार वर्षांनी केलं. तळेगावच्या आमच्या मळ्यात पपईची आता नऊच झाडं राहिली आहेत. बाकी सगळीकडे वांगी, मेथी, टमाटे. पूर्वी दोन एकर पपई होती, आणि वाळवलेला चीक नागपूरचा एक व्यापारी औषधाच्या कारखान्यासाठी घेऊन जायचा. पुढे झाडांची पानं आकसू लागली, रोग पडला, व्यापारी येईनासा झाला. माझ्या बोटांची कातडी पुन्हा खरखरीत झाली. चीक बोटांचं कातडं खातो; हंगामात आमची बोटं अशी गुळगुळीत व्हायची की सुईत दोरा ओवताना दोराच हाताला कळायचा नाही.

माझी लता आर्वीला बारावीत आहे. रोज सकाळच्या एस.टी.नं जाते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी त्यांच्या बाईंनी ताजा चीक मागवला होता. म्हणून मी पहाटे परात घेऊन झाडाखाली गेले, चीर दिली, आणि तो मणी उभा राहिला. तो खाली सरकेपर्यंत माझं मन आपोआप आकडे मोजू लागलं. एक, दोन, तीन, चार. कोणी सांगितलं नव्हतं. मग माझं मलाच कळलं की मी सेकंद मोजते आहे, आणि मान खाली घालून जरा वेळ तशीच उभी राहिले. चीक परातीबाहेर मातीत पडला.

सेकंद मोजायला मला माझ्या भावानं शिकवलं होतं.

मनू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आमचं माहेर नालवाडीचं, वर्ध्याच्या कडेला. घरचा भाजीपाला. पहाटे मुळा, पालक, कोथिंबीर धुऊन जुड्या बांधायच्या आणि दिवस उजाडता बाजारात न्यायच्या. मनू झाला त्या वर्षी मी चौथी पास झाले होते. आई बाळंतीण, जुड्या बांधायला कोणी नाही, म्हणून शाळा सुटली. त्याचा राग मला कधी आला नाही. मनूला मांडीवर घेऊन मी जुड्या बांधत असे आणि तो जुडी बांधायचं केळीचं सोपट चोखत माझ्याकडे बघत असे. पुढे तो शिकत गेला, मी लग्न होऊन तळेगावला आले. तो सातवी झाला, दहावी झाला, कॉलेजात गेला, तेव्हा दर वेळी मला वाटायचं की यातलं थोडं मी पण शिकले.

नऊ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो नागपूरला शेवटच्या वर्षाला होता. दिवाळीनंतर त्याला कावीळ झाली. नालवाडीला आईच्यानं त्याचं पथ्य होईना, म्हणून तो माझ्याकडे आला. ओसरीत खाट टाकून दिली. ताक, ज्वारीची पातळ कण्हेरी, ऊस, एवढंच खायचं. डोळे पिवळे, पण तोंड काही बंद राहत नसे. आमचे हे मळ्यातून आले की मनू त्यांना पकडायचा. हे म्हणायचे, "लेका, कावीळ तोंडाले काऊन नाई होत?" आणि हसत विहिरीवर निघून जायचे. मग ऐकायला मीच उरायची.

त्यानं मला सांगितलं की तुम्ही ज्या चिकाला कातडं खाणारा म्हणता, त्याच्यात एक काम करणारी वस्तू असते. प्रथिनाची असते. तिला तो एन्झाइम म्हणायचा, लताच्या पुस्तकात विकर लिहिलं आहे. ती दुसऱ्या प्रथिनाला तोडते. दूध फाडते, मांस मऊ करते, माझी बोटं खाते. आणि स्वतः मात्र झिजत नाही, पुन्हा पुढच्या कामाला तयार. मी म्हटलं, म्हणजे बाईमाणूस. तो खाटेवर उताणा पडून खूप वेळ हसला.

त्याच्या कॉलेजात या वस्तूवरून दोन मास्तरांचं भांडण होतं. एकजण म्हणत, ती कुलपासारखी आहे. किल्ली बसली की काम झालं, कुलपाला हलायची गरज नाही, सगळी करामत आकाराची. मनूचे सर म्हणत, तसं नाही. ती सतत हलत असते, श्वास घेतल्यासारखी उघडते, मिटते, आणि त्या हलण्यानंच काम होतं. मनू म्हणाला, ती हलते हे आता दोघांनाही मान्य आहे. भांडण एवढंच की हलते म्हणून काम होतं, का काम करता करता नुसती हलते.

मला हे एकदम कळलं. आई जुड्या बांधताना पुढे-मागे डोलायची. हात वेगळेच चाललेले असायचे आणि अंग वेगळंच डोलायचं. मी मनूला विचारलं, आईला कोणी खांद्याला धरून घट्ट बसवलं असतं तर तिच्या जुड्या कमी झाल्या असत्या का? का डोलणं ही कामाची नुसती सोबत होती?

तो खाटेवर उठून बसला. "ताई," तो म्हणाला, "हेच तं करून पाहाचं हाये मले."

आणि त्यानं मला सांगितलं कसं. खांद्याला तर धरता येत नाही, इतकी ती बारीक. पण ती ज्या पाण्यात आहे ते पाणी घट्ट करता येतं. पाण्यात साखर विरघळवून पाक करायचा. हलूनच काम होत असेल तर पाकात तिला हलायला जड जाईल आणि काम रेंगाळेल. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चालताना एकेक पाय शेराचा होतो, तसं. आणि नुसत्या आकारानं काम होत असेल तर पाक असला काय, नसला काय.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतली त्याची जागा आजारपणात दुसऱ्या कोणी अडवली होती, आणि ताजा चीक तर आमच्याच दारात होता. मग आमच्या ओसरीतच त्याचं काम सुरू झालं. त्यानं नागपूरहून मित्राकरवी काचेच्या नळ्या मागवल्या, एक फनेल, एक थर्मामीटर. पितळी गंगाळात कोमट पाणी, पारा चाळीसच्या रेघेवर ठेवायचा. नळीत दूध आणि पाक, वरून चिकाच्या पाण्याचे मोजून थेंब. मग नळी तिरपी करून सरळ करत राहायचं. काचेवर दुधाचा पातळ पदर चढतो. तो एकसारखा असतो, असतो, आणि एका क्षणी त्याच्यात रवाळ कण दिसतात. तो क्षण पकडायचा. दूध धरलं, असं आम्ही म्हणायचो. धरलं की घड्याळ पाहायचं.

घड्याळ त्याचंच, हिरवं, गजराचं. त्याला तिसरा काटा होता. तास-मिनिटं मला शाळेत शिकवली होती, तिसऱ्या काट्याशी माझी ओळख नव्हती. पहिल्या दिवशी मी नळीकडे पाहू का काट्याकडे, असं झालं. मनूनं सांगितलं की काटा बघत बसायचं नाही, मनात मोजत राहायचं, आणि धरलं की काट्याशी ताडून पाहायचं. चार दिवसांत माझं मोजणं काट्याशी जुळू लागलं. भाजी फोडणीला टाकतानाही मी मोजू लागले. हे म्हणाले, "तुह्या भावानं माह्या बायकोले घड्याळ करून टाकलं."

आणि एक नळी असायची, तिला आम्ही रिकामी म्हणत असू. तिच्यात दूध, पाणी सगळं असायचं, फक्त चीक नसायचा. तिला काहीच व्हायचं नाही. मी विचारलं, मग ती कशाला रोज लावायची? मनू म्हणाला की ती नसेल तर बाकीच्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. दूध आपल्याच गुणानं नासलं म्हणतील. मला ती नळी आवडायची. तिला मी सगळ्यात शेवटी धुवायची.

डोळ्यांचं पिवळेपण गेल्यावर मार्गशीर्षात मनू नागपूरला परत गेला. घड्याळ आणि नळ्या माझ्याकडे ठेवून गेला. जाताना पायरीवर म्हणाला, "रोज सकाळी सहा नळ्या. जे दिसन तेच लिहिजो, ताई. मले बरं वाटावं म्हणून नाई लिहाचं."

मी कोणाला बरं वाटावं म्हणून आयुष्यात पुष्कळ केलं होतं. कोणी मला तसं करू नको म्हणावं, ही पहिली वेळ.

महिनाभर मी एकटीनं ते काम केलं. लता आठ वर्षांची होती, शाळेत जायच्या आधी शेजारी बसून पारा वाचायची. साध्या पाण्यात दूध धरायला एक मिनिट चाळीस सेकंद. पातळ पाकात दोनाच्या वर. घट्ट पाकात तीन, सव्वातीन. कधी दोन सेकंद इकडे, कधी चार तिकडे, जसं दिसलं तसं वहीत. आठवड्याला एक कार्ड नागपूरला. मनूचं उलट कार्ड यायचं. एकदा त्यानं लिहिलं की सर तुझे आकडे पाहून खूश झाले, त्यांचंच खरं निघतं आहे असं म्हणाले. ते कार्ड मी पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवलं होतं. तुझे आकडे, असं त्यात लिहिलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, म्हणून मला आठवतं.

मग साखर संपली. रेशनची यायची होती ती आली नाही, बाहेरची आणायला यांना कसं सांगू? दूध आणि साखर नासवायला जाते, हे सासूबाईंच्या डोळ्यांवर आलंच होतं. एक दिवस चुकला. दुसरा दिवस चुकवायला मन तयार होईना. धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी आणलेला डिंक शिंकाळ्यावर होता. मी मूठभर घेतला, रात्रभर भिजवला, सकाळी गाळला. घट्ट पाणी झालं. पण पाकाइतकं घट्ट आहे हे कशावरून? मनू पाक फनेलमधून सोडून किती वेळात उतरतो ते पाहायचा. मी तेच केलं. घट्ट पाकाच्या शेवटच्या बाटलीचा वेळ वहीत होता. डिंकाच्या पाण्यात थोडं थोडं साधं पाणी घालत मी त्याचा उतरायचा वेळ पाकाच्या वेळाशी जुळवला. सकाळ गेली त्यात. पोळ्या उशिरा झाल्या, बोलणी खाल्ली.

आणि डिंकाच्या पाण्यात दूध एक मिनिट पंचेचाळीस सेकंदांत धरलं.

मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा लावलं. एक मिनिट बेचाळीस. डिंकानंच दूध फाटलं का, म्हणून डिंक घातलेली पण चीक नसलेली एक रिकामी नळी लावली. ती दुपारपर्यंत तशीच, पांढरीशुभ्र. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सात दिवस मी ते केलं. बोटाला दोन्ही पाणी सारखंच जड लागायचं, फनेलमधून दोन्ही सारख्याच वेळात उतरायचं, पण चिकातल्या त्या वस्तूला पाकात जड जायचं आणि डिंकात नाही.

भाकरी थापताना, विहिरीवर, मी त्याचाच विचार करत असे. मला असं वाटलं की पाकाचं घट्टपण चिखलासारखं आहे, जिथे पाय ठेवाल तिथे चिखल. डिंकाचं घट्टपण बोराटीच्या काटेरी कुंपणासारखं. बैलाला ते अडवतं, मुंगी त्याच्यातून चालत जाते. ती वस्तू इतकी बारीक की तिला डिंकाचं कुंपण लागतच नसेल. तिच्यापाशी साधंच पाणी. हे खरं की खोटं मला माहीत नव्हतं, आजही नाही. पण हा विचार माझा होता. मी कार्ड न लिहिता आंतर्देशीय पत्र आणलं आणि तिन्ही पानं भरून मनूला सगळं लिहिलं. मुंगीचंही लिहिलं.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. वीस-बावीस दिवसांनी कार्ड आलं: ताजा चीक आणि वही घेऊन ये, तोंडी परीक्षा जवळ आली.

व्यापाऱ्याकडे जायचं म्हणून हे होतेच सोबत. मला कॉलेजाच्या दाराशी सोडून ते गेले. लांबलचक गल्ली, दोन्हीकडे दारं, गॅसचा आणि कुठल्याशा आंबट औषधाचा वास. मनू आला, वही घेतली, मला बाकावर बसवलं आणि सरांच्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं.

सरांचा आवाज मऊ होता. ते पानं उलटत होते ते मला ऐकू येत होतं. मग ते थांबले. हे डिंकाचं काय आहे, असं त्यांनी विचारलं. हे कोणी केलं? हे खरं असेल तर आपल्याला पुन्हा विचार करावा लागेल.

माझ्या मांडीवर चिकाची बाटली होती. मी ती दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, आता मनू सांगेल. मुंगीचं सांगेल.

तो म्हणाला, "ते सोडा, सर. ते गावाकडचं रीडिंग आहे. माझी बहीण चौथी शिकलेली आहे, तिला घड्याळ नीट समजत नाही."

मग खुर्ची सरकली आणि सर स्वतः दारात आले. पांढरे केस, चष्मा कपाळावर. मला आत बोलावलं, बसा म्हणाले, मी बसले नाही. टेबलावर माझी वही उघडी होती. त्यांनी ओरडून नाही, अगदी घरच्या माणसासारखं विचारलं, "बाई, तुम्हाला घड्याळ येतं का?"

मी मनूकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता. त्याची मान अजून काविळीतल्यासारखी बारीक दिसत होती. भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, त्यालाही तिसरा काटा होता. त्यात अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती आणि काटा चाळिसावरून बेचाळिसाकडे चालला होता. माझ्या आत सगळं इतकं हलत होतं की पदराचं टोक हलताना मला दिसत होतं. बाहेर मात्र मी उभी होते, खांबासारखी.

मी मान हलवली. नाही म्हणून.

सरांनी एक श्वास सोडला. तांबडी पेन्सिल घेतली आणि डिंकाच्या सात पानांवर, एकेक पान उलटत, आडवी रेघ मारली. रेघ मारताना त्यांना वाईट वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन.

पुढे पुष्कळदा मला हे आठवलं की त्या दोन मास्तरांच्या भांडणाचं एक उत्तर त्या खोलीत मीच देऊन आले. आतून कोणी कितीही हललं तरी त्यानं काम होतंच असं नाही.

मनू मला स्टँडवर सोडायला आला. वाटेत लतासाठी संत्री घेतली. बाकावर बसल्यावर म्हणाला, "राग नको मानू, ताई. चार दिवसांवर तोंडी हाये. ते डिंकाचं राह्यलं असतं तं सरांनी अजून सहा महिने लावले असते. मले नोकरी पाह्यजे आता."

मी एवढंच विचारलं, "साखरेची पानं कोणाची सांगतली?"

तो संत्र्याच्या पिशवीची गाठ सोडत होता, पुन्हा बांधत होता. एस.टी. लागली, व्यापाऱ्याकडून परस्पर स्टँडवर आलेले हे चढले, मला हाक आली. तेव्हा तो म्हणाला, "माही."

हे मी नऊ वर्षं उलटून-पालटून पाहिलं. त्यानं माझं नाव गाळून सगळंच स्वतःचं म्हटलं असतं तर मला काही वाटलं नसतं. आईनं, मी, आम्ही सगळ्यांनी त्याच्यासाठीच केलं होतं. पण ज्या डोळ्यांनी साखरेची नळी पाहिली त्याच डोळ्यांनी डिंकाची पाहिली. घड्याळ एकच, काटा एकच. जे त्याच्या उपयोगाचं होतं ते त्याचं झालं, आणि जे अडचणीचं होतं ते चौथी शिकलेल्या बाईचं. आणि मी मान हलवली. त्यानं एकदा सांगितलं, मी त्याच्यावर सही केली. जे दिसन तेच लिहिजो म्हणणारा तोच होता.

घरी आल्यावर मी नळ्या धुतल्या. रिकामी शेवटी. फडक्यात बांधून पेटीत ठेवल्या. घड्याळ त्यानं कधी परत मागितलं नाही, ते फळीवर चालत राहिलं. वही त्याच्या मित्राबरोबर परत आली. मनू चांगल्या मार्कांनी पास झाला, प्राध्यापक झाला. भाऊबीजेला येतो, लुगडं आणतो, ओवाळून घेतो. माझ्या हातची कण्हेरी कशी असायची ते आपल्या बायकोला सांगतो. तो प्रेमळ नाही असं मला म्हणता येत नाही. म्हणूनच ते काट्यासारखं निघत नाही.

यंदा लतानं ड्रॉपर शोधता शोधता पेटी उघडली आणि वही बाहेर काढली. आधी अक्षर ओळखून हसली, मग गप्प बसून वाचू लागली. विचारलं, "आई, हे रेघ कोनं मारली?" मी म्हटलं, एका मास्तरांनी. "काऊन?" मी म्हटलं, तुझी एस.टी. चुकेल.

ती वही कॉलेजात घेऊन गेली. संध्याकाळी आली ती दारातूनच सांगत आली की बाईंना फार आवडलं. कुलूप का हलणं, हे भांडण अजून मिटलेलं नाही म्हणे. पाकात काम रेंगाळतं त्याचं कारण वेगळंही असू शकतं, साखर त्या वस्तूच्या अंगाला लागून तिला अडवत असेल. पण डिंकाचं करून पाहिल्याशिवाय पाकाचं काही बोलूच नये, असं बाई म्हणाल्या. ज्यानं हे केलं त्याला डोकं होतं, असंही म्हणाल्या. लतानं ते मला दोनदा सांगितलं. मी चुलीत फुंकर घालत होते. डोळे धुरानं भरले होते, ते एक बरं झालं.

संक्रांतीला मनू आला. एकटाच, दोन दिवसांसाठी. सकाळी ओसरीत लतानं गंगाळ मांडलं, नळ्या लावल्या. एक साधी, एक पाकाची, एक डिंकाची, एक रिकामी. मनू तिळाची पोळी खात होता. नळ्या पाहून त्याचा घास थांबला, पण तो हसला आणि म्हणाला की अजून आहेत का या. लतानं फळीवरचं हिरवं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं.

"मामा, तुमी टाइम पाहा," ती म्हणाली. "नळी आईच्या हाती राहू द्या. तिले धरलेलं बरोबर दिसते."

तिला काही माहीत नव्हतं. मी तिला सांगितलेलं नाही, आणि हे वाचायला मिळालं तरच कळेल.

साधी नळी झाली. पाकाची झाली, सव्वातीन मिनिटं, तसंच. मग मी डिंकाची घेतली. चिकाचे थेंब टाकले. तिरपी, सरळ, तिरपी, सरळ. मनात मोजत होते. काचेवर पदर एकसारखा होता, होता, आणि मग त्याच्यात कण आले.

"धरलं," मी म्हटलं.

मनूनं घड्याळ पाहिलं. माझ्या मनात एकशे तीन झाले होते. तो किती तरी वेळ त्या काट्याकडे पाहत राहिला. लता पेन घेऊन थांबली होती. ओसरीच्या पत्र्यावर चिमण्या चालत होत्या, त्यांची नखं वाजत होती. मला वाटलं, आता तो सांगेल. तिथे सर नव्हते, परीक्षा नव्हती, नोकरी केव्हाच मिळाली होती. ओसरीत आम्ही तिघंच, आणि दूध.

त्यानं घड्याळ कानाशी नेलं, हलवलं. "जुनं झालं हे," तो लताला म्हणाला. "मागं पडून राह्यलं वाटते."

मी नळी स्टँडमध्ये ठेवली. पदराला हात पुसले. त्याच्या हातातून घड्याळ घेतलं.

"घड्याळ बरोबर हाये, मनू," मी म्हटलं. "एक मिनिट त्रेचाळीस. मले येते घड्याळ."

पोळीचा तुकडा त्याच्या ताटात तसाच राहिला. लतानं एकदा माझ्याकडे, एकदा मामाकडे पाहिलं, आणि मग मी सांगितलेला आकडा वहीत लिहिला, तांबड्या रेघेच्या खाली.